एवढं एक झालं की

थोरला गेला तो गाडीखाली. म्हणजे गाडी अंगावरून गेली असं नव्हे; ती गाडी कुणाच्या अंगावरून जाण्याइतकी हललेली कुणी पाहिलीच नव्हती. तो आपल्या चाकांच्या फळीवर उताणा पडून तिच्या पोटाखाली सरकला होता, हातात पाना होता, आणि काम करता करता कधीतरी थांबला. कधी थांबला ते कुणालाच सांगता आलं नाही. वहिनी सकाळी त्याच्या पायांशी चहा ठेवून गेल्या. दुपारी तो गार झालेला चहा उचलून नवा ठेवून गेल्या. संध्याकाळी तोही उचलायला आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आज दिवसभरात कुणी 'ठेव' असंसुद्धा म्हटलेलं नाही. पाय मात्र नेहमीसारखेच होते. उजवा डाव्यावर टाकलेला.

"माणूस कामात होता," शेजारच्या गाळ्यातला वेल्डर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. तो थोरल्याचा एकुलता एक मित्र, आणि सांत्वन करायची त्याला सवय नव्हती. "थोडंसंच राहिलं होतं हो."

थोडंसं काय राहिलं होतं ते गॅरेजात पाऊल टाकलं की दिसायचं, कारण तिथं दुसरं काही दिसायला जागाच नव्हती. गाडी मुळात साधी होती. जुनी, चौकोनी, चारही चाकांना जोर पोचवणारी. थोरल्यानं घेतली तेव्हा ती चालत होती; हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं पुढं ते कुणाला खरं वाटेना. घेतली ती एकाच कामासाठी. खिंडीच्या वर एक तळं होतं. लग्न नवं असताना थोरला आणि वहिनी तिथं पायी गेले होते. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड मोजता येत होते, असं वहिनी सांगत, आणि ह्यांनी ते मोजलेसुद्धा, असंही सांगत. पुढं वहिनींचे गुडघे गेले. "काही बिघडत नाही," थोरला म्हणाला, "गाडीनं जाऊ."

फक्त त्याआधी टायर जरा मोठे हवे होते. मोठे टायर मावायचे तर गाडी उचलायला हवी. गाडी उचलली की शॉकअप लांब हवेत. एवढं सगळं लोखंड चढल्यावर इंजिनाला जोर हवा, जोर आला की ते तापणार, म्हणून रेडिएटर मोठा. चिखलात रुतली तर ओढून काढायला पुढं विंच. विंच धरायला जाड बंपर. टपावर दिवे, दिव्यांना दुसरी बॅटरी, पोटाखाली दगड लागू नयेत म्हणून पत्रा, आणि आडवाटेला तहान लागली तर पाण्याची टाकी. "एवढं एक झालं की निघू," थोरला दर वेळी म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा चेहरा इतका सरळ असायचा की वहिनी दर वेळी पिशवी भरायच्या. काही वर्षांनी त्यांनी पिशवी रिकामी करणं सोडून दिलं.

आता ह्या सगळ्याला धनी उरला तो धाकटा. धाकट्याचा जन्म लिफ्टमध्ये गेला होता. लिफ्ट तपासणारा माणूस तो. निवृत्त झाल्यावर, लग्नबिग्न काही केलं नसल्यानं, थोरल्याच्या घरी वरच्या खोलीत राहायला आला. त्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच शिकायला मिळते. निर्दोष लिफ्ट अशी जगात नसते. माणसं नेण्याजोगी असते किंवा नसते. ते एकदा ठरलं की बाहेर यायचं, दार ओढायचं, सही करायची आणि पुढच्या इमारतीत जायचं. थोरला जर त्या खात्यात असता तर अख्खं शहर आजतागायत जिन्यानं चढलं असतं.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबल्यावर एका दुपारी वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. हात पानांवरून फिरत होते, डोळे भिंतीकडे होते.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"गाडी पुरी करता का?"

धाकट्यानं वर बघितलं.

"डावीकडचं दिसायचं तर गेलंच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही डावीकडून आलात की मला आधी तुमच्या चपला ऐकू येतात, मग तुम्ही. समोर नळीतून बघितल्यासारखं एवढं गोल उरलंय. डॉक्टर म्हणतात थंडी पडेपर्यंत तेही मिटत येईल. तोवर मला तळं बघायचंय. दिसतंय तोवर."

"चार दिवसांचं काम आहे, वहिनी," धाकटा म्हणाला, आणि तो तसं खरंच समजत होता.

थोरल्याची कामाची एक पद्धत होती. नट शेवटचा आवळून झाला की तो त्यावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचा, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. रेघ सरळ आहे तोवर नट जागचा हललेला नाही. रेघ मोडली, तिचे दोन तुकडे झाले, की समजायचं हा सुटतोय. ही चांगली पद्धत आहे. धाकट्याला ती ठाऊक होती, लिफ्टमध्येही असंच करतात. पहिल्या दिवशी तो दिवा घेऊन गाडीखाली गेला, एकूण एक रेघ तपासली. सगळ्या सरळ. "झालंच की," तो मोठ्यानं म्हणाला, आणि हात पुसून जेवायला गेला.

जेवून परत आला तर पुढच्या उजव्या चाकामागची रेघ मोडलेली होती.

नट फार नाही, एवढासाच फिरला होता. त्यानं तो आवळला. दुसऱ्या दिवशी मागच्या एक्सलवरची मोडली. तिसऱ्या दिवशी आवळलेल्या दोन्ही नटांवर नव्या रेघा होत्या. ओल्या नव्हत्या, पण लोखंड जुनं होतं आणि रेघ ताजी. धाकट्यानं रंगाची बाटली शोधून काढली. आतला रंग वाळून दगड झाला होता. बाटली उलटी केली तर त्यातून ब्रशच बाहेर येईना.

गॅरेजचं छप्पर पत्र्याचं होतं आणि दुपारी ते तापून तडतडायचं. त्या तडतडीत मधूनच दुसरा एक आवाज यायचा: रॅचेटचा पाना फिरवल्याचा, बारीक, एकसारखा, घाई नसलेला. दार उघडलं की बंद. धाकट्याला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. त्याला लहानपणी दादाच्या वस्तूंना न विचारता हात लावताना वाटायची तशी लाज वाटली.

"उंदीर असेल," वेल्डर म्हणाला.

"उंदीर पाना फिरवतो?"

"दादांच्या गॅरेजातला उंदीर आहे, लिफ्टवाले. बघून बघून शिकला असेल." हे म्हणून वेल्डर हसला, पण गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत काही आला नाही. तो हल्ली आत येतच नव्हता. काही हवं असलं की बाहेरूनच हाक मारायचा.

मग एका दुपारी धाकटा चाकांच्या फळीवर पडलेला असताना डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "डिफचं सील बघितलंस?"

आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. विचार म्हणावा तर तो त्याचा नव्हता; त्याच्या डोक्यात विचार इतक्या कुरकुरत्या स्वरात येत नसत. त्यानं मागच्या एक्सलवरच्या डिफरन्शियलकडे दिवा वळवून तेल अडवणारं सील बघितलं. एक थेंब तेल लोंबत होतं.

भूत खोटं बोलत असतं तर सगळं सोपं होतं. माणसानं कानावर हात ठेवले असते. पण हे दर वेळी बरोबर असायचं. सील खरंच गळत होतं. ते बदलल्यावर कळलं, बेअरिंगही वाजतंय. बेअरिंग बदलल्यावर आवाज म्हणाला, "एका बाजूचं बदललं की दुसऱ्या बाजूचंही बदलायचं असतं," आणि ह्यात चूक काढायला जागा कुठं होती? धाकटा बाजारात जाऊन दुसऱ्या बाजूचं घेऊन आला. चार दिवसांचे आठवडे झाले. संध्याकाळी जेवताना वहिनी विचारायच्या, आणि तो पोळीचा तुकडा मोडत सांगायचा, "एवढं एक झालं की निघू." पहिल्यांदा हे तोंडून गेलं तेव्हा दोघंही क्षणभर जेवायचे थांबले. पुढं सवय झाली.

वहिनींना आता कपाचा कान सापडायला वेळ लागायचा. कुणी बोलावलं तर त्या नुसती नजर वळवत नसत; अख्खं डोकं वळवून, माणसाला त्या उरलेल्या गोलात पकडून, मग बोलायच्या. बाहेर सकाळची हवा जरा झोंबायला लागली होती.

अशाच एका सकाळी धाकटा गाडीखाली होता. नट घट्ट होता, त्याला जोर लावताना बरं पडावं म्हणून त्यानं पाय एकमेकांवर टाकले होते. कपबशी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"अहो, चहा."

"ठेव," तो म्हणाला.

पत्रासुद्धा तडतडला नाही. धाकट्यानं जन्मात कधी वहिनींना अगं-तुगं केलं नव्हतं. घाईघाईनं फळी सरकवत तो बाहेर आला तेव्हा वहिनी तिथंच उभ्या होत्या, भिंतीला हात लावून, आणि त्यांच्या त्या गोलात त्याचे पाय होते. त्यांनी डोकं हळूहळू वर नेलं, गुडघे, पोट, छाती, आणि तोंडापाशी आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघवलं नाही. सुटका झाल्यासारखं होतं, आणि त्याचबरोबर कुणीतरी दुसऱ्यांदा गेल्यासारखं.

"भाऊजी, तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "मला गाडीत बसून बघू द्या. आत्ता."

"अजून जरा..."

"आत्ता."

तर मग अशी वेळ आली. आणि ह्या घरातल्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणाकडून झाली नसती अशी चूक उजेडात आली. इतक्या वर्षांत वहिनींना त्या गाडीत कुणी बसवून बघितलंच नव्हतं. टायर, शॉकअप आणि बाकीचा सगळा उचलाउचलीचा कारभार मिळून गाडीचा दरवाजा त्यांच्या खांद्याच्या वर गेला होता. गुडघे दुखतात म्हणून आणलेली गाडी, आणि तिच्यात चढायला गुडघेच हवेत. वेल्डरच्या गाळ्यातून स्टूल आणलं, त्यावर दुसरं स्टूल ठेवलं. धाकट्यानं खालून आधार दिला. वहिनी कशाबशा दरवाजापर्यंत पोचल्या, आत वाकल्या, डोकं इकडून तिकडे फिरवलं, आणि म्हणाल्या,

"बसू कुठं?"

धाकट्यानं टाचा उंचावून बघितलं. ड्रायव्हरची सीट होती. तिच्या शेजारी, जिथं दुसऱ्या माणसानं बसायचं, तिथं पाण्याची टाकी होती. तो एवढे आठवडे गाडीच्या खाली होता. आत बघायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वहिनी दोन्ही स्टुलांवरून उतरल्या आणि घरात गेल्या.

त्या दिवसापासून धाकट्यानं काढायला सुरुवात केली. थोरल्यानं काढलेलं काहीच कधी टाकलं नव्हतं; गाडीचे मूळचे टायर, मूळचे स्प्रिंगचे पाटे, सगळं मागच्या भिंतीशी तेल लावून ठेवलेलं होतं. आता वेल्डरला उंबरा ओलांडावाच लागला, कारण पाटे एकट्याला उचलेनात. गॅरेजला हे अजिबात पसंत पडलं नाही. सकाळी सैल करून ठेवलेले नट दुपारी आवळलेले असत, वर ताजी रेघ ओढलेली. दिवा विझायचा. हातातला पाना जमिनीवर ठेवला की तो थोरल्याच्या सवयीनं भिंतीवरच्या खिळ्याला जाऊन लटकायचा. "गाडी खाली बसली तर दगड लागेल," कानाशी कुरकुर चालूच होती, "विचार कर. नीट विचार कर." धाकटा विचार न करता पाना फिरवत होता. रेघ मोडायची, नट काढायचा, पुढं सरकायचं.

टाकी शेवटी निघाली. वेल्डरनं एका बाजूनं धरली, धाकट्यानं दुसऱ्या, आणि ती उचलताच तिच्याखालून काहीतरी भस्सकन खाली सांडलं. धाकट्यानं हात लावून बघितला. पांढरी भुकटी होती, पिठासारखी बारीक. पायतळाच्या पत्र्यावर तिचा जाड थर होता, सीटचे नट बसायची भोकं तिनं बुजवली होती.

"ही कुठली?" धाकटा म्हणाला. त्या भागातली माती काळी होती. आणि गाडी तर घेतल्यापासून गॅरेजच्या बाहेर गेली नव्हती. "ही आत कुठून आली?"

त्यानं वर बघितलं. वेल्डरनं आपला वेल्डिंगचा काळा मुखवटा तोंडावर ओढून घेतला होता. जोडायचं काही नव्हतं, हातात दांडा नव्हता. नुसताच मुखवटा.

"काढ तो."

"बरा आहे असाच."

"मग असाच बोल."

"गेलो होतो आम्ही," मुखवट्यातून आवाज आला. "एकदाच. गाडी घेतली त्याच वर्षी. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. दादा म्हणाले, आधी आपण रस्ता बघून येऊ, मग हिला नेऊ."

"तेव्हा गाडीला काय काय लावलेलं होतं?"

"काही नाही. हेच टायर. सरसर चढली की."

"आणि तळं?"

"तळं नाहीये, लिफ्टवाले. खाण आहे. पांढरी. सिमेंटवाल्यांनी अर्धा डोंगर नेलाय, तळ्यासकट. दादा काठावर उभे होते, मी हाका मारतोय तरी हलेनात. वारा सुटला होता, सगळी भुकटी गाडीत. मग म्हणाले, हिला बोलू नकोस. खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठे टायर मागवले."

धाकटा फळीवर बसला.

"वहिनींच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा माझ्याकडे येऊन बसले होते," वेल्डर म्हणाला. आता त्यानं मुखवटा वर केला, कारण त्याला नाक पुसायचं होतं. "म्हणाले, आता थोडंच थांबायचंय. हिला दिसेनासं झालं की नेतो. मी सांगेन तिला पाणी कसं आहे ते. तळाचे दगडसुद्धा मोजून सांगेन."

वेल्डर गेल्यावर धाकटा बराच वेळ तसाच बसून राहिला. दुपार कलायला लागली होती, पत्रा निवत होता. भिंतीशी खोक्यात एक नळकांडं पडलं होतं. गाडी पाण्यात बुडाली तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून लावतात ते. थोरल्यानं मरायच्या आधी तेच मागवलं होतं. जिथं थेंबभर पाणी नाही तिथं जायला.

"तेवढं लाव," कानाशी आवाज आला.

ह्या वेळी त्यात कुरकुर नव्हती. धाकट्यानं दादाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आर्जव होतं त्यात.

"थंडी आलीच आहे. एवढं एक लाव. सावकाश लाव. तिला काय कळणार आहे?"

आणि हे भूत नेहमीसारखंच बरोबर बोलत होतं. धाकट्याला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, सोंग आणायचं नव्हतं. नुसतं भोक पाडायचं, नळकांडं बसवायचं, ते जरा वाकडं बसलं म्हणून परत काढायचं. लोखंड आपसूक वेळ खातं. मग एके दिवशी वहिनींना हाताला धरून वर न्यायचं, वाऱ्यात उभं करायचं आणि म्हणायचं, काय निवळ पाणी आहे हो. त्या हसल्या असत्या. कुणाचंच काही गेलं नसतं. नळकांडं त्याच्या हातात आलं होतं. ते खोक्यातून आपण कधी उचललं हे त्याला आठवेना.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं काय विचारतात, ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही. कधी काढणार, हे नंतर. पहिला प्रश्न असतो: आपण कुठं आहोत? ह्या माहितीचा आत अडकलेल्याला काडीचा उपयोग नसतो. तो चौथ्या-पाचव्याच्या मध्ये असला काय आणि सातव्या-आठव्याच्या मध्ये असला काय. तरी विचारतात. धाकट्याचे सहकारी सांगायचे, 'होतंय, होतंय, एवढं एक झालं की उघडतो,' आणि आतली माणसं दारावर बुक्क्या मारायला लागायची. धाकटा दाराला तोंड लावून मजला सांगायचा. माणसं गप्प बसायची. काहीजण तर त्याला 'बरं झालं सांगितलंत' असं म्हणायचे, काळोखातून.

त्यानं नळकांडं खोक्यात ठेवलं. ते ठेवताना जड लागलं, दुसऱ्या टोकाला कुणी धरल्यासारखं. त्यानं सोडलं आणि तो घरात गेला.

वहिनी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. धाकटा मुद्दाम उजवीकडून गेला आणि त्यानं सगळं सांगितलं, खाण, भुकटी, दिसेनासं होण्याची वाट बघणं, सगळं. सांगून झाल्यावर चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"घेतली त्याच वर्षी?" त्या म्हणाल्या.

"त्याच वर्षी."

"मला काय वाटायचं, सांगू? मला वाटायचं ह्यांना माझ्याबरोबर जायचं नाही." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "बायकोबरोबर एक अख्खा दिवस काढायचा म्हटलं की ह्यांना एखादा नट सापडतो, असं मी धरून चालले. एवढी वर्षं. पिशवी भरायची आणि दाराशी ठेवायची. तळं नाही, हे जेवताना एका वाक्यात सांगता आलं असतं की हो. आमटी वाढ म्हणतात तसं." मग त्यांनी डोकं वळवून त्याला गोलात घेतलं. "कधी निघायचं?"

"वहिनी, तिथं काहीच नाहीये."

"ते कळलं. डोळे चाललेत माझे, कान नाही. कधी निघायचं?"

सीट माळ्यावर सापडली, स्वच्छ कापडात बांधलेली. टपावरचे दिवे, दुसरी बॅटरी, पोटाखालचा पत्रा, सगळं भिंतीशी गेलं. विंच तेवढा धाकट्यानं ठेवला. कुठंतरी थांबायचं तर थांबायला एक जागा ठरवावी लागते, त्यानं ती तिथं ठरवली. निघायच्या सकाळी त्यानं सगळ्या रेघा बघितल्या. एकही मोडली नव्हती. गॅरेज इतकं गप्प होतं की त्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

गाडी सरसर चढली. वेल्डर खोटं बोलला नव्हता. पण पहिल्या चढाला लागल्यावर धाकट्याच्या तळव्यांना काहीतरी कळलं. लिफ्टमध्ये माणूस शिरला की तपासणाऱ्याला बघावं लागत नाही. जमीन पायाखाली किती दबते त्यावरून कळतं, कितीजण आले. दोन माणसं आणि एक पिशवी, एवढ्यावर गाडी मागून जेवढी बसायला हवी होती त्याहून ती जास्त बसली होती. त्यानं आरशात बघितलं. मागं पिशवी होती. वहिनींनी खिडकीची काच वर केली. पांढरी धूळ आत यायला लागली होती.

सुट्टीचा दिवस असल्यानं खाणीवर चिटपाखरू नव्हतं. डोंगर सुरीनं कापावा तसा कापलेला, पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेला, आणि तळाशी यंत्रांच्या चाकांच्या खुणा. वहिनी काठापासून चार हातांवर उभ्या राहिल्या. "तुम्ही गाडीपाशीच थांबा, भाऊजी." मग त्यांनी बघायला सुरुवात केली. एका वेळी ताटलीएवढंच दिसत असल्यानं त्यांना ती अख्खी खाण तुकड्या-तुकड्यानं बघावी लागली, डोकं हळूहळू फिरवत, एक पायरी संपली की खालची. खूप वेळ लागला. त्यांनी काहीही सोडलं नाही.

नंतर त्या डावीकडे वळल्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं त्या बाजूला. आणि बोलायला लागल्या. वाऱ्यामुळे धाकट्याला शब्द ऐकू येत नव्हते. हातवारे दिसत होते. आधी बोट उगारलं होतं, नंतर नुसताच पंजा हलत होता, नंतर तोही पडला. त्यांच्या डावीकडे कुणी नव्हतं. कापलेला डोंगर होता आणि उडणारी धूळ. पण एकदा वहिनी बोलता बोलता थांबल्या, मान तिरकी करून ऐकत राहिल्या, आणि मग पदरानं डोळे पुसून अर्धं पाऊल उजवीकडे सरकल्या, बाकावर शेजारच्याला जागा करून देतात तसं.

परत आल्या तेव्हा त्यांच्या पापण्यांवरसुद्धा भुकटी होती.

"बघितलं?" धाकट्यानं दार उघडून धरलं.

"सगळं बघितलं. फार कुरूप आहे हो." त्या सीटवर बसल्या, कुणाच्याही मदतीशिवाय. "मोजायला दगड मात्र भरपूर."

उतार खडा होता. धाकट्यानं दुसरा गिअर टाकला आणि ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी खाली सोडली. दुसऱ्यात ती व्यवस्थित उतरत होती. त्यात धोका असा काही नव्हता. पहिल्याच वळणाला मागच्या बाजूनं, पिशवी होती तिथून, कुणीतरी कुरकुरलं,

"पहिला टाक."

धाकट्यानं नजर रस्त्यावर ठेवली आणि ऐकू न आल्यासारखं केलं. ह्या आवाजाबद्दल त्यानं कधीही, कुणाहीजवळ, शब्द काढला नव्हता.

वहिनींनी समोर बघतच सुस्कारा सोडला.

"टाका हो भाऊजी पहिला," त्या म्हणाल्या. "नाहीतर घरी पोचेपर्यंत ऐकवत बसतील."

त्यानं पहिला टाकला.